वाढपी आधी जेवला

स्वस्त वस्तूची बातमी पोटात ठेवता न येणं हा आमच्या घरातला जुना रोग आहे. केडगावात दारावर कांद्याचा टेम्पो आला की आई आधी सगळ्या आळीला हाका मारत सुटायची आणि मग पिशवी शोधायला घरात यायची. तोवर टेम्पो पुढच्या आळीत गेलेला असायचा. मला ही खोड तिच्याकडून मिळाली आणि तापटपणा वडिलांकडून. या दोन गोष्टी एका माणसात आल्या की काय होतं, ते मी सांगणार आहे.

साल दोन हजार सहाच्या आसपासचं. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला होते. सकाळी चौफुल्यावर कंपनीची बस मिळायची. न्हावरा, शिरूर करत ती आम्हाला गेटवर आणून सोडायची. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याला इंटरनेट होतं, त्यामुळे माझा रुबाब साहेबाच्या खालोखाल. जेवणाच्या सुट्टीत एका हातानं भाकरी मोडायची आणि दुसऱ्या हातानं ग्रुपची पत्रं उघडायची, हा माझा रोजचा कार्यक्रम होता.

ग्रुप म्हणजे ई-मेलचा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली शे-दीडशे माणसं त्यात होती. कुणी पुण्यात, कुणी बंगळूरला, एकजण दुबईत आणि उरलेले आम्ही जागच्या जागी. एकानं पत्र लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, त्यामुळे अर्धा वेळ वाचण्यात जायचा आणि अर्धा हसण्यात. ग्रुप निघाला होता गावाकडच्या आठवणी काढायला. तीन महिन्यांत आठवणी संपल्या आणि कुठं काय स्वस्त लागलंय हे सुरू झालं. खरं सांगायचं तर तेव्हापासूनच ग्रुपला मजा आली.

ग्रुपचे कारभारी होते दौंडचे आप्पा. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झालेले. प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे जायचं. त्यांनी वाचून मंजूर केलं की मगच ते बाकीच्यांना दिसायचं. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून रोज सकाळी दहा ते अकरा ते स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसत आणि साठलेली पत्रं एकेक करून सोडत. स्वतः लिहायचे ते सगळं कॅपिटल अक्षरांत. बंगळूरच्या एका शहाण्यानं त्यांना कळवलं, की इंटरनेटवर कॅपिटल लिहिणं म्हणजे ओरडणं. आप्पांनी उत्तर दिलं, "गार्डाच्या डायरीत मी जन्मभर कॅपिटलच लिहिलं. गाडी कधी रागावली नाही." मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्या अक्षरांवरून माझ्या मनात सहा फुटांचा, भरघोस मिशांचा, घोगऱ्या आवाजाचा माणूस तयार झाला होता, आणि त्याचा मला धाक वाटायचा.

भांडण सुरू झालं बुटांवरून. ग्रुपात पाबळचा एक इंजिनियर होता, पुण्यात नोकरीला. आम्ही त्याला पाबळकर म्हणायचो. त्यानं एका दुपारी कळवलं, की पुण्यात एका दुकानात भारी बूट निम्म्या किमतीला लागलेत, पळा. चार-पाचजण खरोखरच पळाले. एकजण तर शिरूरहून एसटीनं गेला. दुकानात फक्त सहा नंबर आणि अकरा नंबर उरलेले. दुकानदार म्हणाला, काल एक साहेब येऊन स्वतःला, भावाला, मेव्हण्याला आणि मेव्हण्याच्या भावाला घेऊन गेले. साहेब कोण ते सांगायला नको.

शिरूरवाला हात हलवत परत आला आणि त्यानं लिहिलं, "आधी आपलं समदं भरून घ्यायचं आन् मग गावात दवंडी द्यायची व्हय? उष्टं वाढतोस आमाला?"

मला बूट नको होते. माझा काही संबंध नव्हता. तरी भाकरीचा तुकडा तसाच डब्यात टाकून मी लिहायला बसले. मी लिहिलं, की पंगतीत वाढपी कधी आधी जेवतो का? ज्याच्या हातात पातेलं, त्यानं सगळ्यांची पानं भरल्यावर बसायचं. स्वस्ताची बातमी सांगणाऱ्यानंही आधी सांगावं, चार दिवस थांबावं आणि उरलं तर घ्यावं. ही आपली रीत आहे.

पाबळकर गप्प बसणारा नव्हता. "ताई, वाढपी राहू द्या. स्वयंपाकी आधी मीठ चाखतो की नाही? मी स्वतः वापरल्याशिवाय लोकांना कसं सांगू? उद्या तळ निघाला तर तुम्हीच माझी गचांडी धराल."

मी उलट टपाली विचारलं, "मीठ चाखायला चार जोड लागतात?"

हे वाक्य गाजलं. दुबईवाल्यानं तिथून हसल्याचं कळवलं. त्या दिवसापासून ग्रुपात दोन पक्ष पडले, वाढपी आणि मीठवाले, आणि वाढप्यांचं पुढारपण कुणी न देता मी घेतलं. पुढचे दोन महिने कुकर, साड्या, सायकली, काहीही आलं तरी आधी भांडण आणि मग खरेदी. बातमी आधी भावकीला सांगितली तर चालेल का? एकानं लिहिलं, भावकीला सांगावं लागत नाही, तिला आपोआप कळतं. वस्तू मिळाल्यावर सांगणाऱ्याचे आभार सगळ्यांसमोर मानायचे की खासगीत? सगळ्यांसमोर मानले तर न मिळालेल्यांच्या जखमेवर मीठ, खासगीत मानले तर सांगणाऱ्याला वाटतं कुणाला किंमतच नाही. खुटबावच्या एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, की ज्याला ती वस्तू घ्यायचीच नाही त्यानं बातमी दिली तर तो कोणत्या पक्षाचा? यावर आठवडा गेला. मला त्या दिवसांत कामावर जायची घाई व्हायची, सुट्टी नको वाटायची.

शेवटी आप्पांनी सर्क्युलर काढलं. सर्वांना कळविण्यात येते की, बातमी देणाराने वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावी. पत्राच्या पहिल्या ओळीत त्याने ती वस्तू घेतली आहे किंवा नाही हे स्पष्ट लिहावे. घेतली असल्यास लाज वाटू नये, न घेतल्यास मिजास करू नये. वाद बंद.

वाद बंद झाला नाही, पण पहिली ओळ मात्र सगळे लिहू लागले. मीठवाले छातीठोकपणे "घेतलं" लिहायचे. वाढप्यांनी "घेतलं नाही" लिहायचं आणि चार दिवस थांबायचं. माझा नियम मी एकदा खरंच पाळला. शिरूरच्या एका दुकानातला मिक्सर मी आधी ग्रुपला सांगितला आणि चार दिवस थांबले. तो मिक्सर आज दुबईवाल्याच्या आईकडे आहे.

आता आईचं. आईला घरगुती गिरणी हवी होती, कपाटासारखी असते ती, वर धान्य ओतायचं आणि खालच्या डब्यात पीठ. त्या वर्षी लोडशेडिंगनं गावातल्या गिरणीचा काही नेम राहिला नव्हता. आई डोक्यावर डबा घेऊन जायची तर लाइट गेलेली. लाइट आली म्हणून पुन्हा जायची तर पुढे पंधरा डबे. आणि नंबर लागला की आधीच्या बाईची बाजरी हिच्या गव्हात. तिचे गुडघे दुखायचे. ती तक्रार करायची नाही, फक्त घरी आल्यावर उंबऱ्यावरच बसायची आणि आत यायला वेळ लावायची. ते मला बघवायचं नाही.

एक दिवस बस शिरूरला थांबली तेव्हा मी काही कामाला उतरले आणि एका भांड्यांच्या दुकानात मला त्या गिरण्या दिसल्या. तीन होत्या. वाहतुकीत एका बाजूला ओरखडे पडलेले, म्हणून खूप स्वस्तात काढलेल्या. दुकानदारानं चालवून दाखवली. मी बोटांत पीठ घेऊन पाहिलं, मऊ होतं. मी उभ्याउभ्या पैसे भरले, पावती फाडून घेतली, एका गिरणीवर माझ्या नावाची चिठ्ठी डकवली आणि रविवारी टेम्पो आणते म्हणून सांगितलं. मिक्सर आठवत होता. या वेळी कुणासाठी थांबायची माझी तयारी नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. तिनांतली एक घेतली, दोन उरल्या, सरळ सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसले आणि पहिली ओळ समोर आली. "घेतलं" लिहायचं म्हणजे दोन महिने तावातावानं बोललेलं सगळं गिळायचं. पाबळकरचा हसणारा चेहरा, तोही मी कधी पाहिलेला नव्हता, मला स्पष्ट दिसला. मी लिहिलं, "घेतलं नाही." आणि खाली, शिरूरला दोन गिरण्या आहेत, उत्तम आहेत, ज्यांना गरज आहे त्यांनी आधी घ्याव्यात. हे शेवटचं वाक्य तर मी मुद्दाम घातलं. आज आठवलं तरी कान गरम होतात.

ग्रुपनं माझी वाहवा केली. खुटबावच्या बाईंनी लिहिलं, याला म्हणतात मन. मी ते पत्र तीनदा वाचलं.

रविवारी टेम्पो घेऊन शिरूरला गेले. दुकानात माझी एकटीच गिरणी उभी होती. मी विचारलं, बाकीच्या दोन्ही गेल्या का?

दुकानदार म्हणाला, "गेल्या की. खुटबावच्या बाई एक घिऊन गेल्या, दुसरी पुण्याच्या पावण्यानं नेली. आन् काल दौंडचे एक आप्पा आलते. लई लांबनं आलते वो, दोन एसट्या बदलून. म्हनले बायकोला पायजे. म्या म्हनलं, ही येकच ऱ्हायली, पन तिचं पैसं चार दिवस झालं भरल्यात. त्यांनी चिठ्ठी वाचली."

"मग?"

"मग काय, हसले. म्या म्हनलं, ताईला फोन लावून बघतो, सोडत्याल कदाचित. तर नको म्हनले. चा पिला आन् गेले."

चिठ्ठीवर माझं नाव, पैसे कधी भरले तेही दुकानदारानं सांगितलेलं, आणि ती चिठ्ठी वाचली कुणी, तर सर्क्युलर काढणाऱ्यानं. गिरणी टेम्पोत चढवताना टेम्पोवाला काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. ग्रुपातून काढतील, हे मला वाटलं नाही. आप्पा ते सगळ्यांना सांगतील असंही वाटलं नाही. ते हसले, एवढंच मनात घर करून बसलं. माझ्या एका पत्रावर विसंबून आप्पा दोन एसट्या बदलून आले होते, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. आणि तो मी एका गिरणीपायी घालवला होता.

घरी आई आनंदानं नुसती वेडी झाली. गिरणीला हळदी-कुंकू नाही, आमच्याकडे ते नसतं, पण तिनं ती ओल्या फडक्यानं दोनदा पुसली आणि भोवती शेजारच्या बायका जमवल्या. लाइट होती. ज्वारी पडली, घरघर सुरू झाली, आणि डब्यात पीठ उतरलं तसं आईनं टाळीच वाजवली. मी कोपऱ्यात उभी होते. बायका गेल्यावर तिनं मला धरलं.

"काय झालंय? गिरणी चोरून आनलीस का काय?"

मी सगळं सांगितलं. वाढपी, मीठवाले, पहिली ओळ, आप्पा. तिला निम्मं कळलं नसावं. ती पिठाची बोटं पदराला पुसत ऐकत होती.

"घेतलंस त्यात काय बिघडलं? आयसाठी घेतलंस. पन न्हाई म्हनून का सांगितलंस?"

"मिजास."

"मंग आता जा आन् सांग त्यास्नी. आन् ह्ये पीठ घिऊन जा. नव्या गिरणीचं पहिलं पीठ घरात ठिवत न्हाईत, थोरल्या मानसाच्या घरी द्यायचं असतं."

आमच्या घरात याआधी नवी गिरणी कधीच आली नव्हती, तेव्हा ही रीत आली कुठून, हे मी विचारलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ग्रुपला कबुलीचं पत्र लिहिलं आणि पाठवून दिलं. मंगळवारी दहा ते अकरा झाले, बाकीची पत्रं आली, माझं नाही. बुधवारी नाही. गुरुवारी प्रेशर कुकरवर दोन पत्रं आली, माझं नाही. आप्पा ते अडवून बसले होते. मला वाटलं, यापेक्षा त्यांनी कॅपिटलमध्ये चार शिव्या घातल्या असत्या तर बरं. शुक्रवारी मी रजा टाकली, पिठाची पिशवी घेतली आणि सकाळच्या पॅसेंजरनं दौंडला गेले.

सायबर कॅफे सापडायला वेळ लागला नाही. आत चार कॉम्प्युटर. तीन रिकामे आणि चौथ्यापुढे एक बारकासा म्हातारा माणूस, चष्मा नाकावर, एका बोटानं अक्षरं शोधत बसलेला. मी विचारलं, "आप्पा इथंच बसतात ना?"

"बस की," तो इतक्या हळू आवाजात म्हणाला, की मला पुढे वाकावं लागलं. "केडगावची व्हय तू? मला वाटलंच येशील."

सहा फूट नाही, मिशा नाहीत. मी सगळं बोलायचं ठरवून आले होते, आणि त्याऐवजी मला हसूच आलं. तेही हसले. मग मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पिशवी पुढे केली आणि आईनं सांगितलेली रीत सांगितली.

त्यांनी पिशवीत हात घालून पीठ चिमटीत घेतलं. "बारीक हाय. चांगली हाय गिरणी."

"आप्पा, काकूंसाठी हवी होती ना तुम्हाला? तुम्ही न्या ती. मी टेम्पो करून आणून देते."

"आता कशाला? आमी दोघं चाललोय भुसावळला, लेकाकडं. हिच्या गुडघ्याचं आपरेशन हाय. तितं सून आयतं पीठ आनती. बरंच झालं मिळाली न्हाई त्ये."

खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं, "माझं पत्र का नाही सोडलं?"

"वाचलं म्या. लई लांबडं लिवलंयस. आयचं गुडघं, लोडशेडिंग, मिक्सर. जवा मानूस येवढं लिवतं तवा त्याला माफी नको असती, वकील पायजे असतो." त्यांनी डायरी उघडली, एक पान फाडलं आणि त्यावर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं. "ह्यो ग्रुपचा पासवर्ड. मी चाललो. आजपासनं तू बघायचं."

"मी? आप्पा, मी खोटं लिहिलंय."

"व्हय. पन तू रोज येतीस. बाकीचे सणासुदीला येत्यात. आन् तू भांडतीस तवा लोक जागं ऱ्हात्यात." ते उठले, पिशवी काखोटीला मारली. "तुझं पत्र तितंच हाय. लावायचं तर लाव, फाडायचं तर फाड. तुझ्या हातात. मी काय बघनार न्हाई, मला दवाखान्यात जायचंय."

आणि ते खरंच गेले. दारातून एकदा वळून म्हणाले, "आयला सांग, पीठ पावलं."

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची ऊबदार होती. पासवर्ड टाकल्यावर साठलेल्या पत्रांची यादी उघडली आणि त्यात सगळ्यात वर माझं पत्र. शेजारी दोन बटणं, मंजूर करायचं आणि काढून टाकायचं. मी खोटं बोलणार नाही, त्या दिवसापुरतं तरी पुरे झालं होतं. माझा हात आधी काढून टाकायच्या बटणाकडे गेला. कुणालाही कळलं नसतं. आप्पांनी कुणाला सांगितलं नसतं. आईचा तर ग्रुपशी संबंधच नव्हता. पाबळकरला माझ्यावर हसायची संधी आयुष्यात मिळाली नसती.

मग मी माझं पत्र वाचलं. आप्पा म्हणाले ते बरोबर होतं, बावीस ओळी होत्या आणि त्यातल्या एकवीस वकिलाच्या. मी ते काढून टाकलं आणि नवं लिहिलं. "घेतलं होतं. तुम्हाला सांगायच्या आधीच घेतलं होतं आणि घेतलं नाही म्हणून लिहिलं. आप्पा माझ्यामुळे शिरूरहून रिकाम्या हातानं परत गेले. चूक माझी." पाठवलं, यादीत वर आलं, आणि मी स्वतःच ते मंजूर केलं. पैसे देऊन बाहेर पडले. अंगावरचं ओझं उतरल्यासारखी मी स्टेशनपर्यंत जवळजवळ पळत गेले. भर दुपारी, एकटीच हसत.

गाडीला अवकाश होता. मला राहवेना. परत कॅफेत गेले. उत्तरं येऊन पडली होती, सहा की सात, मंजुरीसाठी माझ्याच पुढ्यात. एकात खुटबावच्या बाईंनी मला सांभाळून घेतलं होतं. एकजण नुसताच हसला होता. पाबळकरनं मात्र पानभर लिहिलं होतं. पंगत, पातेलं, वाढपी, एकही शब्द त्यानं सोडला नव्हता. माझी दोन महिन्यांतली वाक्यं शोधून शोधून माझ्याच अंगावर घातली होती, आणि खरं सांगते, फार सुरेख लिहिलं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं, आणि सगळ्यात आधी तेच मंजूर केलं.